त्याच भाताचे तांदूळ

वैशाखरे,
१८ मे २०२५

चि. सौ. प्रियांकास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे खुशाल. तुमची खुशाली तुझ्या भावोजींनी सांगितली. परवा ते टेम्पो घेऊन शहापूरच्या बाजाराला आले तेव्हा तू भातसानगरहून खास चिठ्ठी द्यायला आलीस, त्यांना चहा पाजलास आणि उन्हाचं त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिलीस, हेही कळलं. मिरच्यांना काय भाव आला ते विचारलं तर माणूस तुझ्या छत्रीचंच सांगत बसला.

तू फोनवर बोलू म्हणतेस. पण इथे फोन वाजला की पायल्या आधी उचलतो, आणि मी बोलायला लागले की माझ्या गालाला गाल लावून उभा राहतो. त्याच्याबद्दल त्याच्यासमोर कसं बोलायचं? म्हणून आपलं कागदावरच बरं.

विहिरीला अजून पाणी आहे. फणस यंदा पार बुंध्यापासून लागलाय. गाय व्यायली, पाडी झाली. पायल्याने तिचं नाव गौरी ठेवलं आणि दिवसभर तिच्याशी बोलत असतो. माणसांपुढे तोंड उघडायला त्याला वेळ लागतो, पण पाडीपुढे लागत नाही.

आता तुझ्या चिठ्ठीबद्दल. शाळा उघडायच्या आधी तांदूळ घेऊन येते, म्हणतेस. ठरलं होतं तसंच आहे, मी नाही कुठे म्हणते? पोर पहिलीत जाईल तेव्हा तू पायलीभर तांदूळ माझ्या पदरात घालायचे आणि त्याला परत विकत घ्यायचं, हे आपल्या आईनेच माहेरी शेणव्याच्या ओटीवर ठरवलं होतं. तुझी आधीची दोन गेली होती. हा सातव्याच महिन्यात आला, किती दिवस काचेच्या पेटीत राहिला, आणि घरी आणला तरी त्याच्याकडे बघायला सगळे घाबरत होते. आईने त्याला सुपात ठेवलं. मी माझ्या शेतातल्या झिणी भाताचे पायलीभर तांदूळ तुझ्या पदरात ओतले आणि त्याला विकत घेतला. पोर हिचं नायच, हे ज्याला कळायचं त्याला कळू दे, असं आई मोठ्याने म्हणाली. तेव्हापासून तो मला आई म्हणतो, तुला मावशी म्हणतो, आणि कागदावर भाविक असला तरी गावभर पायल्या.

पण आईने तेवढंच सांगितलं होतं गो. हाक बदलायची, नाव बदलायचं, संपला व्यवहार. पोर माझ्याकडे ठेवून जा असं काही ती म्हणाली नव्हती. चार दिवस ठेव, मला भीती वाटते, म्हणालीस तू. त्या चार दिवसांची सहा वर्षं झाली. टोमणा मारत नाही. बरं, मारते आहे, पण एकच.

दवाखान्यातल्या बाईंनी त्याला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सांगितलं होतं. तुझे हात लटपटत होते, म्हणून मी बांधला. चुलीपाशी, गोठ्यात, भात पाखडताना, सगळीकडे तो माझ्या अंगावर. तुझे भावोजी मला कांगारू म्हणायचे. मी त्याच्याशी सारखी बोलायचे, तांदळातले खडे दाखवायचे, गाडी गेली की गाडी दाखवायचे. लोकांना वाटायचं हिला वेड लागलं.

म्हणून म्हणते, एवढ्या वर्षांनी एकदम घाई कशाला? तुमची कॉलनीची शाळा मोठी, मुलं चुणचुणीत. हा अजून पायऱ्या उतरताना हात मागतो. चवड्यांवर चालतो, टाच टेकत नाही, ते तू पाहिलंच आहेस. इथे सगळे म्हणतात, अपुऱ्या दिवसांचा आहे, सावकाश होईल. दात उशिरा आले, बोलणं उशिरा आलं, तसंच हेही येईल. इथले हरेश गुरुजी त्याला ओळखतात, रागावत नाहीत. एक वर्ष इथेच काढू दे. मग बघू.

संदेशरावांना नमस्कार. धरणावरच्या ड्युटीत तब्येत सांभाळा म्हणावं.

तुझी,
देवकीताई


वैशाखरे,
२९ जून २०२५

चि. सौ. प्रियांकास आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलीस हे संदेशरावांच्या फोनवरून कळलं. त्यानंतर तुझा काही निरोप नाही. रागावली असशील. मीच लिहिते आहे.

इथे रोपं चांगली वर आली आहेत, आठवड्याभरात लावणी सुरू होईल. घाटात जाणाऱ्या गाड्यांची गर्दी वाढली. तुझ्या भावोजींनी रस्त्याला कणसांची शेगडी मांडली आहे. पायल्या शेगडीपाशी बसून गाड्यांचे रंग सांगतो. गाडीतल्या बायका त्याचे गाल ओढतात आणि विचारतात, याच्या पायाला काय झालं? मी सांगते, काही नाही झालं, वळणच तसं आहे.

त्याला शाळेत सोडून येते. कडेवर नेते. चिखल असतो ना.

आता तू तांदूळ घेऊन आलीस त्या दिवसाचं. मी मनातल्या मनात ते पुन्हा पुन्हा बोलते आहे आणि दर वेळी माझी बाजू बरोबर ठरवते. तू दारात उभी राहिलीस, पिशवीतून तांदळाचं पाकीट काढलंस. चकचकीत, वर लांब दाण्यांचं चित्र. मी म्हटलं, "हे दुकानातलं?" तू म्हणालीस, "आमच्या कॉलनीत कुठं शेत हाय ताय? शहापुरातनं चांगलं बघून आनलं." आणि मी म्हटलं, "मी दिले ते माझ्या शेतातले होते. दुकानातल्या तांदळावर पोर परत जात नाय." तू भावोजींकडे बघितलंस. ते टेम्पोच्या चाकाकडे बघत होते. मला वाटलं होतं तू भांडशील. मी भांडणाच्या तयारीत होते, सगळं तोंडाशी आलं होतं. तू फक्त पायल्यापुढे हात केलास, तो येतो का ते बघायला. त्याने अर्धं खाल्लेलं कणीस तुझ्या हातात दिलं आणि माझ्यामागे लपला. तू ते कणीस खाल्लंस. एक दाणाही ठेवला नाहीस. मग एसटी आली.

नियम तो नियम, असं मी सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या मंगळीमावशीही म्हणाल्या, "तेच भात पायजे, बरोबर हाय तुजं." मला बरं वाटलं. आपली आई असती तर ती काय म्हणाली असती ते मला माहीत आहे, म्हणून ते इथे लिहीत नाही.

तुझं पाकीट तू विसरून गेलीस. का मुद्दाम ठेवलंस? फळीवर आहे. मी फोडलेलं नाही. पायल्या विचारतो, हा भात कोणाचा? मी म्हणते, मावशीचा. तर म्हणतो, मग मावशीला भूक नाही लागली का?

पुढच्या महिन्यात मुरबाडला मुलांच्या तपासणीचं शिबिर आहे. गुरुजी म्हणाले, याला घेऊन जा. नेईन म्हणते. कळवीन काय ते.

तुझी,
देवकीताई


वैशाखरे,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय प्रियांका,

आशीर्वाद आहेतच. आज नुसतं चि. सौ. लिहून पुढे जायला हात होत नाही.

शिबिराहून आल्यावर मी तुला फोनवर सांगितलं होतं, की काही विशेष नाही, ताकदीचं औषध दिलं. ते खोटं होतं. औषध दिलंच नव्हतं. काय झालं ते आज सगळं लिहिते, आणि लिहून झालं की वाचायच्या आधी पाकीट चिकटवून टाकणार आहे, नाही तर फाडीन.

शाळेचं पटांगण भरलं होतं. आमचा नंबर भावना मॅडमकडे लागला. वयाने तुझ्याएवढ्याच असतील. पायांचे व्यायाम करून घेणाऱ्या. त्यांनी आधी पायल्याचा शर्ट काढायला सांगितला. मी काढला. त्यांनी त्याची पाठ बघितली, पाय वाकवून बघितले, पाऊल वर ढकलून बघितलं. मग म्हणाल्या, "आता शर्ट घाल." मी हात पुढे केला. सवयीनेच. तर त्या म्हणाल्या, "तुम्ही नको. तो घालेल."

शर्ट हातात घेऊन तो उभा राहिला. बाही कुठे, गळा कुठे, त्याला कळेना. त्याने शर्ट माझ्याकडे धरला. मी हात मागे बांधून घेतले. मागे रांगेत लोक खोळंबले होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी त्याने घातला, उलटा. बटणं पाठीवर. आणि हसला. प्रियांका, सहा वर्षं मी त्याच्या अंगात शर्ट घातला, ताटातला घास त्याच्या तोंडात घातला, चिखलाला त्याचं पाऊल लागू दिलं नाही. मी याला माया समजत होते. माया होतीच. पण त्याच्या हातांना काम कधी मिळालं नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, छातीशी बांधलात, एवढं बोललात, म्हणून हा इतका सावरला. मग मला समोर बसवून सांगितलं. मूल किती लवकर आलं, वजन किती होतं, पेटीत असताना काय काय झालं, हे पुढे किती वर्षं पुरतं. ते आपल्या हातात नसतं. पण तितकंच बाकीचंही असतं. घरात कोण बोलतं, कोण खेळवतं, खाणं कसं, खटकणारी गोष्ट कोणाच्या वेळेत लक्षात येते, आणि त्याला स्वतःला किती करू देतात. त्याच्या पोटऱ्या आखडल्या आहेत. हाडं वाढतात, त्यांच्याबरोबर शिरा वाढत नाहीत, म्हणून टाच उचलली जाते. आपोआप टेकणार नाही. सावकाश होईल म्हणून वाट बघण्यातच बरीच वर्षं गेली, हे त्यांनी सांगितलं नाही, मीच ऐकलं. रोज ताण द्यायचा, रात्री पट्टी बांधायची, आणि आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे शहापूरला आणायचं. नाही केलं तर पुढे शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते.

शहापूर. वैशाखऱ्याहून दोन गाड्या बदलून दिवस जातो. भातसानगरहून रिक्षा. म्हणजे मी खोटं का बोलले ते तुला कळलंच असेल.

पण यापेक्षा कठीण ते पुढेच आहे. मॅडमनी विचारलं, "बाळंतपणानंतर तुम्हाला झोप लागायची का? उगाच भीती वाटायची? बाळाला हात लावायला नको वाटायचं?" त्यांना मी आई वाटले होते. आधीची दोन गेल्याचं मी सांगितलं होतं, कोणाची ते सांगितलं नव्हतं. पायल्या मला आई म्हणून हाक मारत होता, मी ते तसंच राहू दिलं. मी म्हटलं, "नाय, मला कसली भीती?" त्या म्हणाल्या, "बरं झालं. कितीतरी आयांना होतं तसं. दोन मुलं गमावलेल्या बाईला तर होणारच. ते दुखणं असतं, त्याला इलाज असतो. कोणी विचारतच नाही त्यांना."

हा प्रश्न तुझा होता गो. सहा वर्षांत तुला एकाने विचारला नाही. आईने नाही, संदेशरावांनी नाही, मी नाही. तू शेणव्याला भिंतीकडे तोंड करून पडून राहायचीस, मी म्हणायचे नखरे आहेत. तू महिन्याला यायचीस आणि हात मांडीखाली दाबून बसायचीस. मी मंगळीमावशींना सांगायचे, बघा, दगड आहे दगड, पोटच्या पोराला घेत नाही. तुला वाटायचं तू हात लावलास तर हाही जाईल. हे मला तेव्हाही थोडं कळत होतं. पण मी समजून घेतलं असतं तर तू बरी झाली असतीस, आणि बरी झाली असतीस तर त्याला घेऊन गेली असतीस.

माझ्या पोटी काही आलं नाही हे तुला माहीत आहे, पण मी ते कधी तोंडाने बोलले नाही. आज बोलते. तुझ्या भीतीवर माझं घर भरलं.

त्या तांदळाचं काही मनावर घेऊ नकोस. दोष तांदळात नव्हता.

येत्या मंगळवारपासून मी त्याला शहापूरला आणणार आहे. केंद्र एसटी स्टँडच्या मागे आहे. तू येशील का? ये. मला दोन शिव्या दे हव्या तर, पण ये.

ताई


वैशाखरे,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रियांका,

हे पत्र आणि सोबतची पिशवी तुझे भावोजी घेऊन येत आहेत. पत्र वाचल्याशिवाय पिशवी उघडू नकोस. ते टेम्पोपाशी घुटमळतील, तू त्यांना आधी चहा दे. ते चार दिवस माझ्याशी धड बोलत नाहीयेत. घरात आवाज आहे तो गौरीचा.

तू शहापूरला येत राहिलीस, त्याबद्दल तुला एका शब्दाने बोलले नाही.  पहिल्या मंगळवारी तू बाकाच्या टोकाला बसलीस, हात मांडीखाली. मी त्याचा पाय धरला, मॅडमनी शिकवलं तसं, गुडघा सरळ आणि पाऊल वर. तो रडला. माझा हात सुटला. पुन्हा धरला, पुन्हा रडला, पुन्हा सुटला. मॅडम म्हणाल्या, सोडू नका, दुखवत नाही आपण, ताण बसतोय. पण त्याचं रडणं कानावर आलं की माझे हात माझे राहत नाहीत. सहा वर्षं मी त्याला रडूच दिलं नव्हतं. घरीही तेच. सप्टेंबर संपेपर्यंत मी रोज चटई टाकायचे आणि तो मुसमुसला की गुंडाळायचे. मॅडमना मात्र सांगायचे, रोज करते.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला मॅडम म्हणाल्या, "या मावशी धरून बघतील का?" तू माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली का नाही, आठवत नाही. तू खाली बसलीस.  त्याचं पाऊल हातात घेताना तू डोळे मिटलेस. तो रडायला लागला आणि मला वाटलं आता ही सोडणार. तू सोडलं नाहीस. डोळे मिटूनच मोजायला लागलीस. एक, दोन, तीन. पाचापर्यंत तो रडत होता. मग तोही तुझ्याबरोबर मोजायला लागला. आणि म्हणाला, "मावशी, आता किती राह्यले?" तू म्हणालीस, "थोडेच, मोज तू." मॅडम मला म्हणाल्या, यांनी धरलंय ते बरोबर धरलंय. मी बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. तू विचारलंस, डोळ्यांत काय गेलं? मी म्हटलं, धूळ. तिथे सगळीकडे फरशी आहे.

मला राग आला होता, हे सांगून टाकते. तुझ्या हातांचा राग आला. मग गाडीत तो माझ्या मांडीवर झोपला आणि झोपेत आकडे पुटपुटत होता, तेव्हा राग गेला. पुरता नाही गेला. पण गेला.

मागच्या आठवड्यात कापणी झाली. यंदा पावसाने शेवटपर्यंत छळलं, तरी झिणी बरी पिकली. झोडणीसाठी अंगणात खळं सारवलं. शेण ओलं होतं तोवर पायल्या गौरीमागे त्यावरून पळाला. तुझे भावोजी ओरडले, मी बघायला गेले. ओल्या खळ्यावर त्याची पावलं उमटली होती. सगळीकडे बोटं आणि चवडा. टाच कुठेच नाही. मी खाली बसून एकेक पाऊल बघत गेले. पार गोठ्यापाशी, जिथे तो पाडीला धरून थांबला होता, तिथे एका उजव्या पावलामागे गोल खूण होती. पुसटशी, पण टाचच. मी तुझ्या भावोजींना हाक मारून दाखवली. ते म्हणाले, "ही प्रियांकाच्या हाताची हाय." एवढं बोलून ते आत गेले. तेव्हापासून बोलत नाहीत. त्यांनाही तो तेवढाच लागतो, फक्त ते टेम्पोकडे बघतात.

खळं पुन्हा सारवावं लागलं. ती खूण मी शेवटी सारवली.

तुझी हरकत नसेल तर येत्या रविवारी ये. संदेशरावांनाही आण. तिकडच्या शाळेत विचारून ठेवा, अर्ध्या वर्षात घेतात का. हरेश गुरुजी दाखला देतील, त्यांच्याशी मी बोलले. म्हणाले, पोरगं बोलायला वेळ लावतं पण बोलतं ते बरोबर असतं, तिकडच्या बाईंना तेवढं सांगा.

थोडं सांगून ठेवते. शर्ट तो आता स्वतः घालतो. बटणं वरखाली होतात, तू लावू नकोस. जेवताना सांडतो, सांडू दे. रात्रीच्या पट्ट्या धुऊन वाळवून दिल्या आहेत. पायऱ्या उतरताना हात मागेल. देऊ नकोस, पण खालच्या पायरीवर उभी राहा. तो घाबरला की बोलत नाही, गाड्यांचे रंग सांगतो. तेव्हा तूही एक रंग सांग. आणि तुला पुन्हा तसं वाटायला लागलं, हात लावायला नको, भिंतीकडे तोंड करावं, तर मला फोन कर. तो कानाला कान लावून उभा असला तरी बोल. ऐकू दे त्याला. शहापूरच्या डॉक्टरांकडे जायचं झालं तर मी येईन सोबत.

हाक बदलायचं काम मी सुरू केलं आहे. परवा त्याला जवळ घेऊन सांगितलं, ती तुझी आई, मी मावशी. त्याने बराच वेळ विचार केला. मग विचारलं, "मग तुला मावशी म्हणायचं?" मी म्हटलं, "हो." तर म्हणाला, "बरं आई."

तुला काय म्हणेल ते त्याच्यावर सोड. वेळ लागेल. त्याला प्रत्येक गोष्टीला लागतो.

आता पिशवी उघड. तुझ्याकडे शेत नाही, म्हणून मी माझ्या शेतातले पाठवते आहे. त्याच वाफ्यातली झिणी, कालच गिरणीतून आणली. पायलीने मोजून भरली आहे. रविवारी येताना हेच तांदूळ घेऊन ये, दारात उभी राहा आणि माझ्या पदरात ओत. मंगळीमावशी असतील बघायला, त्यांनीही म्हणायला नको की दुकानातले होते. तुझं ते पाकीट मी आज फोडलं. रविवारी सगळ्यांना त्याचाच भात घालणार आहे.

एक सांगायचं राहिलं. पायलीत मूठभर तांदूळ कमी आहेत. ते मी काढून ठेवले. ओतताना कोणाच्या लक्षात येणार नाही, पण तुला माहीत असावं. सगळेच्या सगळे परत करायला मला जमलं नाही.

वाट बघते.

तुझी ताई,
भाविकची मावशी,
देवकी